आपल्यातल्याच ना?

"आपल्यातल्याच ना गं तुम्ही दोघी?"

निकमकाकूंनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली होती, पण तिचं दुसरं टोक अजून त्यांच्याच चिमटीत होतं. मी म्हटलं, "हो काकू. मी पवार." माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "मी देशमुख." काकूंनी चिमूट सोडली.

त्या मुलीची नि माझी ओळख त्याच दिवशी सकाळी कॉलेजच्या फीच्या खिडकीपाशी झाली होती. अकरावीला नाशिकला आलेल्या, राहायला जागा शोधणाऱ्या आम्ही दोघी. तिचं नाव शैला. दोघींत मिळून एक खोली परवडेल असं ठरवून आम्ही पंचवटीतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि संध्याकाळच्या आत निकमकाकूंची माडीवरची खोली मिळाली. काकू वाईट नव्हत्या. त्यांना फक्त भाडेकरू 'आपल्यातला' हवा होता.

माझं आडनाव पवार हे खोटं नव्हतं. सुरगाण्याकडे आमच्या कोकणा जमातीत पवार पुष्कळ. पण नाशकात पवार म्हटलं की लोक पुढचं स्वतःच समजून घेतात, आणि मी त्यांना समजू दिलं. सात वर्षं मी आश्रमशाळेत काढली होती. एका दालनात चाळीस जणी, एकाच घंटेला उठणं, एकाच घंटेला जेवणं. शहरात आल्यावर मला चार मुलींसारखी मुलगी व्हायचं होतं, बाकी काही नाही. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरची एकजण कुणाबद्दल तरी म्हणाली, "ती होय? ती सवलतीवाली." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला नाही, कारण त्याची यादी नावानिशी, जमातीनिशी नोटीसबोर्डावर लागायची. घरी कळवलं की मुदत संपली. बानं दोन शेळ्या काढल्या आणि फी पाठवली.

एकदा वेष घेतला की तो निभवावा लागतो. शैलानं विचारलं, "तुमचं घरचं काय?" मी म्हटलं, "द्राक्षाचा मळा आहे." हे अगदीच हवेतलं नव्हतं. बा दर थंडीत दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात जायचा, छाटणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला. मळा दुसऱ्याचा, एवढंच. मी विचारलं, "तुमचं?" ती म्हणाली, "भंडारदऱ्याला हॉटेल आहे." मी मनात म्हटलं, बाप रे, ही तर बड्या घरची निघाली.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "घरी जातेस तर द्राक्षं आण ना. एवढा मळा आहे तुमचा." झाली का पंचाईत. गावाहून परतताना मी रविवार कारंज्यावर उतरले, हातगाडीवरून किलोभर द्राक्षं घेतली, गाडीवाल्याची कागदी पिशवी फेकून ती माझ्या कापडी पिशवीत भरली आणि खोलीवर नेली. शैलानं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले. "घरची चव वेगळीच असते बाई," ती म्हणाली.

गावाहून आई नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी बांधून द्यायची. ते मी खोलीवर कधी नेलं नाही. स्टँडवरच्या बाकावर, पाठ रस्त्याकडे करून, संपवून मगच रिक्षात बसायचे. शैलाचंही घरून कधी काही आलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, हॉटेलवाल्यांना काय पडलंय डबे बांधायचं.

अशी अकरावी पार पडली. भांडण नाही, तंटा नाही. एकमेकींची डोकी विंचरून द्यायचो, एका पुस्तकावर अभ्यास करायचो. पण गावाचं नाव निघालं की दोघीही चटकन विषय बदलायचो. तिचं मला कधी खटकलं नाही, कारण मी माझ्याच गडबडीत असायचे.

बारावीचं वर्ष सुरू झालं आणि काकूंनी सांगितलं, "पोरींनो, आमच्या संजूचं लग्न ठरलंय. माडी लागेल आम्हाला. महिनाअखेरीस दुसरीकडे बघा."

बघायला आम्ही बघितलं. जुलैत मोकळ्या खोल्या राहिल्या नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यांचं भाडं ऐकून जिना उतरायचो. मी घरी कळवलं. चारच दिवसांत बा कॉलेजच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर टॉवेल. मी त्याला घाईघाईनं पलीकडच्या गल्लीत नेलं.

"सरकारी होस्टेल आहे ना आपल्या पोरींचं," तो म्हणाला. "मी मास्तरला विचारून आलो. बारावीच्या पोरींना घेतात. जातीचा दाखला घेऊनच आलो बघ." त्यानं सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. "सोमवार शेवटचा दिवस आहे."

"बा, तिथं नको."

"का नको?"

होस्टेलची पाटी मुख्य रस्त्यावर होती. अर्धा वर्ग त्याच रस्त्यानं यायचा.

"जागा नसेल तिथं," मी म्हटलं.

"नसंल तर नसंल. विचारून तर बघू." त्यानं पिशवी परत सदऱ्यात सरकवली. "नीही झालं, तर तुला घरी यावं लागंल, कला. तुझा मामा एक स्थळ घेऊन बसलाय. मी त्याला म्हटलंय, बारावी होऊ दे. पण पोर घरी येऊन बसली, तर मग माझंही तोंड चालायचं नीही."

तो रागावला नव्हता. असं असं आहे, एवढंच सांगत होता. मी सोमवार कबूल केला.

शैलाला मी सांगितलं, सिन्नरला मावशीकडे जातेय, तिच्या ओळखीची एक खोली आहे. ती म्हणाली, "बरं झालं. मीही ओझरला आत्याकडे जाऊन येते. तीही बघते म्हणालीय." सोमवारी सकाळी ती आधी गेली, मी मागून.

बा रविवारीच येऊन एका गाववाल्याकडे उतरला होता. चालता चालता मी त्याला बजावलं, "बा, तिथं कुणाशी जास्त बोलू नको."

"का? बोलल्यावर अर्ज घेत नीहीत?"

"तसं नाही. उगाच कशाला."

"बरं," तो म्हणाला.

होस्टेलचे अर्ज घेणाऱ्या आदिवासी विकास विभागाच्या ऑफिसात व्हरांड्यात लांब रांग होती. लुगड्यातल्या बाया, टोपीवाले बाप, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या मुली. मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बा माझ्यापुढे. त्याच्यापुढे काष्ट्याचं हिरवं लुगडं नेसलेली एक बाई, काखेत गाठोडं. ती एकटीच होती.

बानं दिलेला शब्द पाचेक मिनिटं पाळला असेल.

"भाताची आवणी झाली का?" त्यानं त्या बाईला विचारलं.

"कुठली," ती म्हणाली. "निम्मी राह्यलीय. तशीच टाकून आले. तुमची?"

"तीच गत. पण पोरीचं काम काही रोज रोज निघत नीही."

"व्हय ना. भात काय, पुढल्या सालीबी येतंय." तिनं गाठोड्यातून सुपारी काढली, अडकित्त्यानं फोडली आणि अर्धी बाच्या हातावर ठेवली. "कुठले म्हनायचे तुमी?"

"सुरगाण्याकडचा. तुमी?"

"आमी नगरकडल्या अकोल्याच्या. धरणाच्या वर. महादेव कोळी."

मग त्यांची गाडी सुटली ती थांबेना. वरईला यंदा भाव काय, तुमच्याकडे नागलीला काय म्हणतात, रानडुकरं पीक किती खातात. मी ओढणीच्या आतून ऐकत होते. ती बाई म्हणाली, "धरणापाशी चहाचं छप्पर हाये माझं. ताडपत्री टाकलीया. चहा, मक्याची कणसं, उकडल्याली अंडी. शनिवार-रविवारी पावणं येत्यात मुंबईची. पोरगी माझी त्याला हाटेल म्हनती." ती हसली. "लई हुशार हाये. इंग्रजी तर असं बोलती... मला काय कळत न्हाई म्हना. झेरॉक्स काढाया गेलीया. येईल आता."

बा म्हणाला, "माझीपण हुशार आहे. ही काय." आणि त्यानं मागे वळून माझ्याकडे बोट केलं.

मी डोकं वर केलं आणि त्याच वेळी व्हरांड्याच्या पायऱ्या चढून, हातात कागद घेऊन, शैला आली.

ती त्या बाईजवळ येऊन थांबली. मग तिनं मला पाहिलं.

"कला? तू सिन्नरला गेली होतीस ना?"

"तू ओझरला."

मग ती भराभर बोलायला लागली. तिचा तो आवाज मला ओळखीचा होता. मळ्याबद्दल बोलताना माझा तसाच व्हायचा.

"अगं, एक काम निघालं मध्येच. ह्या..." तिनं त्या बाईकडे न बघताच हात केला. "ह्या आमच्या हॉटेलात कामाला असतात. ह्यांच्या मुलीच्या होस्टेलचं बघायचंय. पप्पा म्हणाले, तू आहेस तिथं तर जरा सोबत जा."

बाच्या तोंडातली सुपारी थांबली. आत्तापर्यंत तो त्या बाईकडून तिच्या लेकीचं कौतुक ऐकत होता. त्यानं शैलाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग खाली.

ती बाई लेकीकडे बघत राहिली. रागानं नाही. चुलीवरचं दूध उतू गेलेलं दिसावं आणि हात कणकेत असावेत, तसं काहीसं. मग माझ्याकडे वळून अगदी सरळ आवाजात म्हणाली, "व्हय बाई. हिच्याकंच कामाला हाये मी. सतरा वर्सं झाली. जल्मली तव्हापून."

कुणी हसलं नाही. शैलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माघार कशी घ्यायची हे तिला कळेना, म्हणून तिनं घाईनं माझ्यावर उलटवलं.

"आणि तू? हे कोण?"

हे म्हणजे बा.

बानं काय केलं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. तो रांगेतून जरासा बाजूला सरकला. एक पाऊलभर. टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि भिंतीवरचा योजनांचा तक्ता वाचायला लागला. त्याला वाचता येत नव्हतं. माझ्या नि त्याच्या मधे त्यानं जागा करून दिली होती. मला हवं ते तिथं ठेवता यावं म्हणून.

"हा माझा बा," मी म्हटलं.

'हे माझे वडील' असंही म्हणता आलं असतं. कॉलेजात मी तसंच बोलायचे. पण तोंडातून तेच आलं. आणि एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबवेना. "द्राक्षाच्या मळ्यात असतो. दुसऱ्यांच्या. आम्ही कोकणा. मी होस्टेलचा अर्ज भरायला आलेय, शैला. माझा."

शैलानं हातातले कागद आईच्या गाठोड्यावर टेकवले आणि पायऱ्या उतरून गेली.

"येईल," तिची आई म्हणाली. रांग दोन माणसं पुढे सरकली. "येईल, पन नंबर आला तर? तिची सही लागंल ना?"

"जा तू," बा मला म्हणाला. "जागा मी धरतो. दोन्ही."

शैला सायकल स्टँडवर कुणाच्यातरी सायकलच्या कॅरिअरवर बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मुद्दाम केलंस तू."

"काय केलं?"

"खरं बोललीस. आता मी काय करू?"

मी शेजारच्या सायकलला टेकून उभी राहिले. ती नखानं कॅरिअरचा गंज खरवडत होती.

"आई काय म्हणाली?"

"येईल म्हणाली."

"रडली?"

"नाही. बाला विचारत होती, सही लागेल ना म्हणून."

तिनं डोळे पुसले. मग जरा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मला वाटायचं तू खरीच पवार आहेस."

"मी खरीच पवार आहे."

"म्हणजे... तसं नाही गं."

"मग तूही खरी देशमुख नाहीस का?"

"खरीच आहे की," ती म्हणाली. "आमच्याकडे अर्धा गाव देशमुख आहे." आणि आपण काय बोललो ते तिच्याच लक्षात आलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. माझाही.

"ती द्राक्षं," तिनं विचारलं. "विकतची ना?"

"हो. तुला कळलं होतं?"

"छे. मी आयुष्यात तिसऱ्यांदा द्राक्षं खात होते. मला घरची काय नि दारची काय."

मग आम्ही हसलो. इतक्या की सायकलींची एक ओळच कलंडली आणि आतून शिपाई ओरडला. एकीकडे सायकली उचलत होतो, एकीकडे लपवलेलं एकेक बाहेर काढत होतो. तिच्या मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ असायचं, कायम बंद पडलेलं. तिनं पट्टा सरकवून दाखवला. खाली गोंदण होतं, आजीनं लहानपणी करवलेलं. डबे तिचेही यायचे, तीही स्टँडवरच संपवायची. माझा बाक सुरगाण्याच्या फलाटापाशी, तिचा अकोल्याच्या. मधे फक्त चौकशीची खिडकी. वर्षभर आम्ही दोघी एकाच स्टँडवर, एकमेकींना लपून, भाकरी खात होतो.

"चल," मी म्हटलं. "बा दोन जागा धरून बसलाय. लोक मारतील त्याला."

ती उठली. दोन पावलं गेल्यावर थांबली. "आईला काय म्हणू?"

"मला माहीत नाही."

तिनं मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा तिच्या आईचा नंबर आला होता आणि ती खिडकीपाशी नुसतीच उभी होती. मागचे कुरकुरत होते. शैला पुढे झाली. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"शैला बबन देशमुख."

"जमात?"

शैलानं एकदा श्वास घेतला. "कोळी महादेव."

"सोबत कोण आलंय?"

"आई."

"आईचं नाव?"

"ठकाबाई बबन देशमुख."

"अंगठा द्या मावशी, इथं."

"सही करते ना मी," ठकाबाई म्हणाल्या. "हिनं शिकवलीय." आणि त्यांनी ती केली. सावकाश, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर लावत. 'ठ' काढल्यावर थोडं थांबून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. खिडकीतल्या बाईंनी घाई केली नाही. मागच्यांची कुरकुरही थांबली. शैलाचा हात आईच्या पाठीवर होता. तिनं तो कधी ठेवला ते मी पाहिलं नाही.

मग माझा नंबर. नाव, जमात, दाखला. बाईंनी माझे कागद चाळले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"अकरावीला शिष्यवृत्ती का नाही घेतलीस? पूर्ण फी भरलीय तू."

मी ओढणी सारखी केली.

"आम्हांला कळलंच नीही, ताई," बा माझ्या खांद्यावरून म्हणाला. "गाव लांब. पत्र येईस्तवर मुदत गेली."

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "यंदा भर," त्या म्हणाल्या. "विसरू नको."

दुपारी आम्ही चौघं कंपाउंडच्या कट्ट्यावर जेवायला बसलो. ठकाबाईंच्या गाठोड्यात वरईच्या भाकरी होत्या, बाकडे नागलीच्या. चटण्या दोन्हीकडे खुरासणीच्याच निघाल्या, म्हणून दोघांनी एकमेकांची चटणी चाखून नावं ठेवली. शैलानं आईची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. मी असताना तरी नाही. ती भाकरीचा मऊ मऊ भाग मोडून आईपुढे ठेवत होती आणि कडा स्वतः खात होती. ठकाबाईंनी ते दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मला दात हायेत गं." शैला हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ठकाबाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं, तान्ह्या पोराचं पुसावं तसं, आणि बाला म्हणाल्या, "लोणचं हाये का वो तुमच्याकं?"

आठवड्याभरानं यादी लागली. दोघींची नावं होती, खोलीही एकच मिळाली, आणखी दोघींबरोबर. निकमकाकूंना आम्ही कुठं चाललो ते स्पष्ट सांगितलं. त्यांनी "असं होय" म्हटलं. त्या आमच्याकडे बघत होत्या की कोपऱ्यातल्या आमच्या पाण्याच्या माठाकडे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ट्रंक जिन्यावरून उतरवताना मात्र त्यांनी खालून हात लावला आणि म्हणाल्या, "पास झालात की पेढे आणून द्या." पुढल्या जूनमध्ये आम्ही नेले. त्यांनी घेतले, आमच्यासमोर एक खाल्लाही.

त्याच वर्षी ऑगस्टात शिष्यवृत्तीची यादी नोटीसबोर्डावर लागली. मी खाली उभी राहून आमची नावं वाचली. आमच्या वर्गातली आणखी चार नावं त्यात होती. त्यांतल्या दोघींशी मी वर्षभर धड बोललेही नव्हते. मागच्या बाकावरची ती मुलगी काही दिवस आमच्याशी अवघडून वागली. मग प्रॅक्टिकलच्या वह्या लागल्या तशी नीट वागायला लागली. होस्टेलच्या खाली पाण्याच्या नळावर सकाळी साठ मुली आपापल्या बोलीत भांडायच्या. पहिल्या दिवशी मी बादली हातात धरून ते नुसतं ऐकत राहिले. वर्षभरात नाशकात माझी बोली मी मोठ्यानं ऐकली नव्हती. मागून एक पोर आमच्या कोकणा बोलीतच ओरडली, "ये, भरतेस का सरकतेस?" मला इतकं बरं वाटलं की मी सरकले.

आता मी कळवणच्या बाजूला नर्स आहे. शैला राजूरला शिकवते. तिच्या शाळेच्या सहली भंडारदऱ्याला जातात तेव्हा पोरांना कणसं ठकाबाईंच्या छपराखालीच मिळतात. छपराला आता पत्रे आहेत आणि दर्शनी बाजूला रंगवलेली पाटी: हॉटेल शैला.

पण त्या सोमवारचं एक सांगायचं राहिलं. ठकाबाईंना अकोल्याच्या गाडीत बसवून दिल्यावर शैला खोलीवर गेली. बाची गाडी सुटायला वेळ होता. आम्ही दोघं स्टँडवर बाकावर बसलो. 

"कला, एक विचारू?"

"विचार."

"त्या पोरीनं 'हे कोण' म्हटलं ना. तव्हा तुझ्या तोंडात दुसरंच काहीतरी होतं."

मी समोरच्या गाडीची पाटी वाचली. मग खालचा नंबर वाचला. मग म्हटलं, "होतं."

"काय? गडी?"

"नाही. गावचे पाव्हणे आहेत, असं म्हणणार होते."

बानं ह्यावर नीट विचार केला. टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली.

"पाव्हणा चाललं असतं," तो म्हणाला. "पाव्हण्याला चहा तरी पाजतात."

मी उठले. "साखर जास्ती सांग," तो मागून म्हणाला.

कँटीनच्या खिडकीत गर्दी होती. दोन्ही हातांत दोन कप धरून, सांडू नये म्हणून हळूहळू चालत मी परत आले, तेव्हा माझ्या जागेवर कुणीतरी अनोळखी माणूस बसला होता, आणि बा त्याला मोठ्यानं सांगत होता, "ती येतेय ना, चहा घेऊन? ती माझी पोर. बारावीला आहे."